न सुटलेल्या गोळ्या

माझ्या इकाम्यावर माझा व्यवसाय ‘प्लंबर’ असा छापलेला आहे. इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना. मला इथे आणलं तेव्हा ज्या व्यवसायाचा व्हिसा शिल्लक होता तो मिळाला, आणि तोच चिकटला. सात वर्षांत मी रियाधमध्ये एकही नळ दुरुस्त केलेला नाही. नाशिकच्या घरचाही केलेला नाही, असं माझी बायको मंदा सांगते, पण तो विषय वेगळा.

खरं काम सांगतो. मी पत्रेकामवाला. नाशिकजवळच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं विमानांचे पत्रे ठोकले, वळवले, रिव्हेट मारले आणि निवृत्त झालो. निवृत्तीनंतर चार महिन्यांत घरातल्या सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्या सरळ करून झाल्या. मग ओळखीतून इथलं बोलावणं आलं, तेव्हा मंदानेच बॅग भरली.

रियाध शहर संपून वाळवंट सुरू होतं तिथे आमची शेड आहे. मालक अबू नासेर. वय सत्तरीच्या आसपास, बांधकामाच्या धंद्यातून हात काढून घेतलेला, आणि छंद एकच, जुनी विमानं. जगात कुठेही मोडकं विमान विकायला निघालं की हे विकत घेतात आणि आम्ही ते उभं करतो. उडवायला नाही, नुसतं बघायला. आम्ही म्हणजे मी आणि सियालकोटचे बशीरभाई. ते वेल्डिंग बघतात. कामाला लागणारे बाकीचे येऊन जाऊन असतात.

लोकांना वाटतं, जुनं विमान नवं करायचं म्हणजे मोठी कला. तसं काही नाही. मोडलेला भाग सोडवायचा, त्याच्या मापाचा नवा पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर ठेवून मोगरीने हलके हलके ठोकत आकार आणायचा. घाई केली तर पत्रा ताणला जातो, आणि एकदा ताणला की तो माणसासारखाच रुसतो. पुन्हा जागेवर येत नाही. गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. अबू नासेरांच्या एका मित्राला कॅफेच्या छताला टांगायला विमान हवं होतं, आणि त्याला गोळ्यांची भोकं हवी होती. असलेली पुरेनात, वाढवून द्या म्हणाला. मी ड्रिल खाली ठेवलं. अबू नासेरांनीच मग त्याला दुसरं कारण सांगून वाटेला लावलं.

माझ्या अंगात एक खोड आहे, ती आधीच कबूल करतो. वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचा फोटो तिरका असला तरी मी उठून सरळ करतो. कारखान्यात या खोडीचं कौतुक झालं. इथे ती नडली.

तीन वर्षांपूर्वी एक जर्मन लढाऊ विमान आलं. दुसऱ्या महायुद्धातलं, एका माणसाचं, नाकाला तीन पात्यांचा पंखा. आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या वाळवंटात पोटावर उतरलेलं, आणि तेव्हापासून वाळूत पडून असलेलं. शेपटीवर ते चिन्ह पुसट दिसत होतं. दिवाळीला आपण उंबऱ्यावर काढतो त्याच्याच वळणाचं, पण हे नाझींचं. त्या चिन्हाखाली काय काय झालं ते मी वाचलेलं आहे. अबू नासेर पहिल्याच दिवशी म्हणाले की शेपूट कोऱ्या पत्र्याची ठेवायची, काही रंगवायचं नाही. मला हायसं वाटलं.

पंख्याची दोन पाती मागे दुमडलेली होती, एक सरळ उभं. दुसऱ्या आठवड्यात अबू नासेर परगावी असताना मी ती दोन्ही पाती गरम करून झकास सरळ केली. आरशासारखी. ते परत आले, बघितलं आणि खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. शांतपणे विचारलं, “मुहंदिस, पंखा फिरत असता तर किती पाती वाकली असती?”

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी तो नाही, पण ते मला तसंच हाक मारतात. मी म्हटलं, तिन्ही. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. दोनच वाकली याचा अर्थ उतरताना इंजिन बंद पडलेलं होतं, पंखा थांबलेला होता. एका माणसाच्या त्या शेवटच्या मिनिटांची ती एवढीच साक्ष होती आणि मी ती मोगरीने पुसून टाकली होती. विकणाऱ्याने पाठवलेले फोटो होते म्हणून निभावलं. पण मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून नियम केला, हात लावण्याआधी लिहायचं. कोणता स्क्रू, कोणत्या बाजूला, किती वाकलेला, सगळं वहीत. वहीच्या उजव्या पानावर लिहायचं आणि डावं पान दुरुस्तीसाठी कोरं ठेवायचं, ही कारखान्याची शिस्त. वही भरली की सुट्टीवर जाताना घरी नेऊन ठेवतो.

त्या विमानात आणखी एक घोळ निघाला. विकणाऱ्याने दारूगोळा काढलाय असं लिहून दिलं होतं. पण नाकातली घट्ट वाळू उकरताना आत पट्ट्यात ओवलेल्या गोळ्या लागल्या. काम थांबलं. सरकारी तज्ज्ञ आले, शेड रिकामी केली, आणि सगळं निर्धोक करून मगच एकेक गोळी बाहेर काढली. मी लांबून बघत होतो. तो तज्ज्ञ मोठ्याने अरबीत मोजायचा आणि मी वहीत मराठीत खुणा करायचो. ते सगळं घेऊन गेले. त्यांच्या कागदावर फक्त वजन होतं.

मग काम पुढे सरकलं. पंखाखालच्या रेडिएटरला गोळी लागून गेल्याची दोन भोकं होती. या विमानाचं इंजिन पाण्यावर थंड व्हायचं. पाणी गेलं की काही मिनिटांत ते तापून जाम. म्हणजे विमान कसं पडलं ते कळलं होतं. अंगावरच्या नंबराच्या पट्टीवरून अबू नासेरांच्या माणसांनी वैमानिकाचं नाव शोधलं, आणि नावावरून त्याची मुलगी.

गेल्या हिवाळ्यात त्या रियाधला आल्या. उर्सुलाबाई, वय चौऱ्याऐंशी, एकट्या. हातात काठी आणि पाठीवर शाळेतल्या मुलीसारखी पिशवी. इंग्रजी बेताचं, माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं छान जमलं. मी त्यांना विमानाजवळ नेलं. काठी टेकत त्यांनी विमानाभोवती एक फेरी घातली. मग म्हणाल्या, “एवढंसं?” मी म्हटलं, एका माणसापुरतंच असतं. त्यांनी आतल्या सीटकडे बघितलं आणि मान हलवली.

वडील त्या दिवशी मेले नव्हते. पकडले गेले, युद्ध संपल्यावर सुटून घरी आले आणि पुढे उभी हयात सायकली दुरुस्त केल्या. युद्धाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. ते वारल्यावर अवजारांच्या कपाटात तेलाच्या डब्यामागे त्यांची एक वही सापडली. ती वही पाठीवरच्या त्या पिशवीत होती.

तीन दिवस त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या. चहा पीत मला थोडं थोडं इंग्रजीत करून वाचून दाखवायच्या. मी ऐकत काम करायचो. मला वाटलं होतं, लढाऊ वैमानिकाची वही म्हणजे पराक्रम. त्यात माश्याच होत्या. ब्रेडवर जॅम लावला की तोंडापर्यंत जाईतो काळा व्हायचा, असं लिहिलं होतं. जमिनीवर उकाड्याने अर्ध्या चड्डीत विमानात बसायचं आणि वर गेलं की त्याच चड्डीत दात वाजायचे. समोरच्या काचेवर माशीचा एक ठिपका राहिला तरी तो लांबून शत्रूचं विमान वाटे, म्हणून त्यांचा मेकॅनिक प्रत्येक उड्डाणाआधी काच पुसायचा, आणि तो पुसत असताना ते मनात आकडे म्हणायचे. उतरल्यावर पाय इतके थरथरत की उठता येत नसे. मग आत बसूनच काहीतरी लिहिण्याचं सोंग करायचे, थरथर थांबेपर्यंत. मेकॅनिकला ते कळायचं. तो पाठ फिरवून उभा राहायचा.

त्या मेकॅनिकबद्दल ऐकून मी मोगरी खाली ठेवली. हा माणूस माझ्या जातकुळीचा. सीटमागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली दोन अक्षरं मला सापडली होती, ती मी उर्सुलाबाईंना दाखवली. वहीतल्या मेकॅनिकच्या नावाची तीच आद्याक्षरं. त्या हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा.

वडिलांनी चार विमानं पाडल्याचंही वहीत होतं. त्यातलं एक कुणाचं होतं, आतला माणूस कसा होता, हे आपल्याला कधी कळणार नाही असं त्यांनी लिहिलं होतं. त्या ते सगळं न लपवता वाचत होत्या. पण तिसऱ्या दिवशी सकाळी वही माझ्यासमोर उघडी ठेवली आणि बोट लावलं. एक पान फाडलेलं होतं.

त्याच्या आधीचं पान त्यांनी वाचलं. शेवटचं उड्डाण. चार विमानं, पुढे एक तरुण कप्तान, ज्याला पाडलेल्या विमानांचा आकडा वाढवायची घाई. खाली एक इंग्रज विमान पेटलं, त्यातला माणूस उडी मारून पॅराशूटला लटकला. रेडिओवर कप्तान म्हणाला, मारा त्याला, नाहीतर उद्या नवीन विमान घेऊन येईल. सर्वांत जवळ उर्सुलाबाईंचे वडील होते. पान इथे संपत होतं. पुढचं फाडलेलं. त्यापुढच्या पानावर ते कैदी झालेले आहेत आणि एक इंग्रज शिपाई त्यांना पत्र्याच्या डब्यातून चहा देतो आहे.

“तीस वर्षं झाली मला हे वाचून,” उर्सुलाबाई म्हणाल्या. “त्याच दिवशी मी त्यांचा फोटो भिंतीवरून काढला. ड्रॉवरमध्ये आहे. हवेत लटकलेल्या माणसावर गोळ्या झाडणारा माणूस मला सायकल शिकवत होता का, एवढंच मला कळायचंय. तुम्ही हे विमान उघडलंत. त्यांनी गोळ्या झाडल्या होत्या का?”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण उत्तर होतं. पट्टे दर उड्डाणाआधी पूर्ण भरतात. ते तसेच भरलेले असतील तर त्या दिवशी त्या विमानातून गोळी सुटली नव्हती. पट्टे कमी असतील तर सुटली होती. आणि ती मोजणी मी स्वतः लिहिली होती, पण आकडा मला अजिबात आठवत नव्हता. पंख्याच्या प्रकारानंतर मी सगळंच लिहीत सुटलो होतो, स्क्रू आणि गोळ्या सारख्याच आस्थेने. ती वही नाशिकला माळ्यावर होती.

मी त्यांना सांगितलं की नोंद आहे, मागवतो. आणि बाहेर आलो. बशीरभाई पाठोपाठ आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “शेवाळे साब, फोन मत करो। बोल दो, पट्टा फुल था। चौरासी साल की औरत है, चैन से घर जाएगी।”

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. एक वाक्य बोलायचं होतं. कोण तपासणार होतं? पण पुन्हा ती आरशासारखी पाती डोळ्यांसमोर आली. वाकडं दिसलं म्हणून सरळ करून टाकायचं, हे मी एकदा केलं होतं. बशीरभाईंना म्हटलं, भाई, ये गलती एक बार हो गई। ते माझ्याबरोबर आत आले आणि उर्सुलाबाईंच्या शेजारी पेटी ओढून बसले.

मी मंदाला फोन लावला. तिकडे दुपारचा दीड वाजला होता, म्हणजे तिची झोपेची वेळ. माळ्यावरून निळ्या पुठ्ठ्याची वही काढ म्हटल्यावर पहिले काही शब्द मी इथे लिहीत नाही. मग स्टूल सरकवल्याचा आवाज, डबे खाली ठेवल्याचा आवाज, आणि एकदाची वही सापडली. उर्सुलाबाईंना भाषा कळत नव्हती, पण त्या फोनकडेच बघत होत्या. मी तो स्पीकरवर टाकला आणि खुर्च्यांच्या मधल्या बाकावर ठेवला.

मंदा पानं उलटत होती. उजव्या पानांवर माझ्या नोंदी आणि कोऱ्या डाव्या पानांवर तिच्या लोणच्यांच्या आणि चकलीच्या कृती. कोरा कागद तिला बघवत नाही. भाजणीचं प्रमाण, कैरीचं तिखट असं ओलांडत ती शेवटी पोचली.

“हं, मिळालं. नाकातली डावी बंदूक, पाचशे. उजवी, पाचशे.”

मी श्वास सोडला. दोन्ही पट्टे पूर्ण. मी उर्सुलाबाईंना आकडे इंग्रजीत सांगितले. राहिली होती पंख्याच्या मधून मारा करणारी तोफ. तिच्यात दोनशे गोळ्या मावायच्या.

“तोफ,” मंदा म्हणाली, “एकशे अठ्ठावन्न.”

मी मनात वजाबाकी केली. बशीरभाईंनी मराठीतला तो आकडा बरोबर ओळखला आणि डोळे मिटले. उर्सुलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बेचाळीस कमी. मला वाटलं, आता हे आपल्यालाच यांना सांगायचं आहे. बशीरभाईंचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

“पुन्हा वाच,” मी म्हटलं.

“एकशे अठ्ठावन्नच आहे. तुमचंच अक्षर आहे, मी काय करू? खाली लिहिलंय, उरलेलं उद्या.”

उरलेलं उद्या. तेव्हा कुठे मला आठवलं. तोफेच्या दारूगोळ्याच्या पेटीत तळाला गोळ्या गंजून वाळूत एकमेकींना चिकटल्या होत्या. तज्ज्ञाने तो गठ्ठा तसाच वेगळा काढला, आणि सोडवून दुसऱ्या दिवशी मोजला होता. मी मंदाला पान उलटायला सांगितलं. ती म्हणाली, पुढे माझं लिंबाचं गोड लोणचं आहे. मी म्हटलं, त्याच्या शेजारी, उजवीकडे बघ.

“हं. तोफ, चिकटलेल्या, सोडवून मोजल्या, बेचाळीस. मग लिहिलंय, एकूण दोनशे, एकही कमी नाही. आणि हे काय? तिन्हींची पहिली गोळी नळीत, बुडाला टोच नाही. याचा अर्थ काय हो?”

“अर्थ असा की गोळ्या तयार होत्या,” मी म्हटलं, “आणि त्यांच्यावर एकदाही आघात झाला नाही. बंदूक अडकली असती तरी टोच उठली असती निदान एकीवर.”

हेच मग मी उर्सुलाबाईंना सावकाश इंग्रजीत सांगितलं. पाचशे, पाचशे, दोनशे. त्या दिवशी या विमानातून एकही गोळी सुटली नाही. ज्या तीन गोळ्या आधी सुटल्या असत्या, त्यांच्यावर खूणसुद्धा नाही. आणि हेही सांगितलं की बाकीच्या दिवसांबद्दल मी काही सांगू शकत नाही, पत्र्याला फक्त शेवटचा दिवस ठाऊक आहे.

“बाकीच्या दिवसांबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “हे लिहायला मात्र त्यांना जमलं नाही. मला वाटायचं, लाजेने फाडलं असेल. कप्तानाचं न ऐकल्याचीही लाज वाटली असेल का त्यांना?” आणि त्या रडायला लागल्या. तोंड न झाकता, लहान मुलीसारख्या. बशीरभाई पाण्याची बाटली घेऊन उभे होते, ती उघडायचं त्यांना सुचेना. माझाही जीव भांड्यात पडला होता, आणि डोळ्यांचं म्हणाल तर ते लिहायची गरज नाही.

“अहो, तिकडे रडतंय कोण?” फोनमधून मंदाने विचारलं. मी म्हटलं, सगळं चांगलं झालंय, संध्याकाळी सांगतो. ती म्हणाली, मग वही वर ठेवू की खालीच राहू दे? खालीच राहू दे म्हटलं.

त्या दुपारी आम्ही नाकावरचं झाकण बसवलं. बंद करण्याआधी आतल्या बाजूला मी पेन्सिलीने लिहिलं, पाचशे, पाचशे, दोनशे. खाली माझी दोन अक्षरं. उर्सुलाबाईंनी पेन्सिल मागून घेतली आणि त्याखाली वडिलांचं नाव लिहिलं, नुसतं पहिलं नाव, घरात हाक मारायचे तसं. अबू नासेर संध्याकाळी आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, “खलास, मुहंदिस. आता या विमानाला कुणी हात लावायचा नाही.” तिसऱ्या पात्याशेजारची ती दोन सरळ पाती आजही तशीच आहेत. येणाऱ्याला मी स्वतः सांगतो की ही मूळची वाकलेली होती, आणि ती सरळ करणारा गाढव मीच.

महिन्याभराने उर्सुलाबाईंचा मेसेज आला. शब्द नव्हते, फक्त फोटो. एक फिकट पिवळी भिंत, तिच्यावर चौकटीत एक तरुण माणूस, सायकलच्या दांड्यावर हात ठेवून हसणारा. खिळा त्यांनी स्वतःच ठोकला असणार, कारण चौकट डावीकडे चांगली बोटभर कललेली होती.

मी तो फोटो बराच वेळ बघितला. सरळ करावासा वाटला नाही.